नंदूचा हात आणि बोंबलांचा हंगाम

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या गावचा वारा कूस बदलतो. अंगाला चिकटणारा ओला, खारा वारा जातो आणि उत्तरेकडून कोरडा, ओठ फोडणारा वारा येतो. हा बोंबलांचा वारा. तो आला की किनाऱ्यावर आणि अंगणाअंगणात वलांड्या उभ्या राहतात. बांबूचे खांब, खांबांना ताणून बांधलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर ओल्या, गुलबट, आरपार उजेड दिसणाऱ्या बोंबलांच्या रांगा. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. लग्नं याहून ढिली असतात. पहिल्या दिवशी त्यांना न वाळलेल्या चादरीचा वास येतो. पुढे ऊन चढत जातं तसा वासही चढतो, आणि मग पाहुण्याला मळमळतं नि मला भूक लागते.

यंदा मळमळलं ते मला. बोंबील बिचारे निर्दोष आहेत. वारा वळला त्याच आठवड्यात आमच्या अंगणात सिनेमाची माणसं आली.

सिनेमा माझ्या मुलावर आहे. नंदू माझा एकुलता. विशीत असताना तो बॉक्सिंग खेळायचा, बापाच्या बोटीवर जाळं ओढणाऱ्या विंचच्या दोरात त्याचा उजवा हात सापडला, मनगटापासून बोटांपर्यंत हाडांचा चुरा झाला, आणि तरी तो पुन्हा रिंगणात उतरला. पुढे पदकं मिळाली, पेपरात फोटो आला. आता चाळिशी ओलांडलेला नंदू बोईसरला संध्याकाळी पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. म्हणजे हातांत जाड पॅड घालून उभा राहतो आणि पोरं त्यावर ठोसे मारतात. त्याचं घर त्या पॅडवर चालतं. केळव्याला सुट्टी घालवायला आलेल्या एका मुंबईच्या दिग्दर्शकाला ही गोष्ट कोणीतरी सांगितली, आणि नारळपाणी संपायच्या आत त्यानं ठरवलं की यावर चित्रपट होतो.

"आजी, मला सगळं खरंखुरं हवंय," तो पहिल्या दिवशी माझ्या पाया पडून म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी अंगणातल्या वलांडीवर रबरी बोंबील लावले. शेपटीला चिमटे लावून. कपडे वाळत घालायचे चिमटे. निळे.

मी चिमटे मोजत राहिले. शेजारच्या जनाबाईला मात्र राहवलं नाही. कुंपणावरून मान काढून म्हणाली, "गो बाय, तुझ्याकडे बोंबलांचे परकर वाळत घातलेत काय?"

किळस ही मोठी शिकण्यासारखी गोष्ट आहे. मी ती शिकूनच इथे आले. माझे वडील पालघरला कचेरीत कारकून. जातीनं आम्हीही दर्याचेच, पण घरात मासळी यायची ती पिशवीतून, निवडलेली, धुतलेली. मी शिकले, प्राथमिक शाळेत बाई झाले, आणि या गावात सून म्हणून आले ती नाकाला अत्तराचा रुमाल लावूनच. आजही ती मुलगी आठवली की हसू आवरत नाही. तळपायाला ओली वाळू लागू नये म्हणून टाचांवर चालायची. वलांडीखालून जाताना एक थेंब मानेवर पडला तर तीनदा अंघोळ करायची, आणि रात्री नवऱ्याला भूगोलातलं हवामान समजावून सांगायची. माझी सासू पाचवी-सहावी इयत्ता काय असते हे न पाहिलेली, पण तिनं मला एका वाक्यात वर्गाबाहेर उभं केलं. "सूनबाय, रुमाल ठेव नायतर नाक ठेव. दोन्ही घेऊन या घरात ऱ्हाता येत नाय."

मी रुमाल पेटीत ठेवून दिला. तेव्हापासून माझं नाक चांगलं तयार झालं. बोईसरच्या बाजूनं वारा आला की कारखान्यांचा डोळ्यांत झोंबणारा वास वेगळा ओळखू येतो, खाडीच्या चिखलाचा वेगळा, नारळाच्या मुळाशी घालायला खड्ड्यात कुजत ठेवलेल्या मासळीच्या खताचा वेगळा. त्या खताची घाण भयंकर, पण खरी. सिनेमाच्या माणसांनी आणली ती दुर्गंधी मला नवी होती. गुलाबाचा फवारा. ते आल्याआल्या अंगणात फवारायचे, आणि बोंबील आणि गुलाब मिळून जे होतं त्याला अजून भाषेत शब्द नाही. होऊही नये.

नकली घाम बाटलीतून यायचा. एक मुलगा हिरोच्या कपाळावर, छातीवर फुसफुस मारायचा. ज्या गावात घाम फुकट मिळतो तिथे बाटलीभर विकतचा. रक्त साखरेच्या पाकाचं. ते हिरोच्या हाताला फासलं की तासाभरात गावच्या सगळ्या माश्या आमच्या अंगणात. त्या खऱ्या बोंबलांवर बसायच्या, अंडी घालायच्या. जनाबाईचा एक अख्खा दोर फेकावा लागला. माझी भूमिका करणारी बाई नखांना फिकट रंग लावून, कासोट्याचं लुगडं नेसून, डोक्यावर टोपली घेऊन रडत फिरायची.

"मी शाळेत बाई होते," मी दिग्दर्शकाला म्हटलं. "पाचवारी नेसायचे. मनगटाला घड्याळ असायचं. आणि रडायचे मी क्वचित, ते पण तपासनीस यायच्या आदल्या दिवशी."

तो फार गोड हसला. "आजी, आई शिक्षिका असली की प्रेक्षकांना रडू येत नाही."

तेव्हा मी सिनेमात निरक्षर आहे. दर दोन प्रसंगांनंतर देवळाच्या पायरीवर कपाळ आपटते. खरं तर नंदूचा हात मोडला त्या हंगामात मी देवळात गेले होते ते शिऱ्यासाठी. शिरा चांगला करतात आमच्याकडे.

तो हंगाम असाच होता. वारा हाच, कोरडा. नंदूचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, त्यातून बाहेर आलेली बोटं वांग्यासारखी सुजलेली आणि जांभळी. सिनेमात पालघरचा डॉक्टर चष्मा काढून, खिडकीबाहेर बघत म्हणतो, "हा मुलगा पुन्हा कधीच लढू शकणार नाही." आमचा खरा डॉक्टर घाईत होता. म्हणाला, "प्लास्टर निघालं की बोटं हलवा, कोमट पाण्यात हात ठेवा, पुढचं पुढे बघू. पुढचा पेशंट." या वाक्यावर कोणी संगीत घालणार नाही, पण अख्खा हंगाम आम्ही त्याच वाक्यावर काढला.

आणि मी काय केलं? मी भाषणं केली. शाळेची सवय. इच्छाशक्तीवर, जिद्दीवर, मुंगी भिंत कशी चढते यावर. प्लास्टर निघाल्यावर मी तर पेटलेच. कोणी भेटायला आलं की, "नंदू, पुढे ये. हात पसर. मूठ वळ. बघितलंत, कालपेक्षा आज जास्त वळली." पाहुणा म्हणायचा, वा. नंदूचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडायचा आणि मी म्हणायचे, पुन्हा एकदा दाखव. माहीमहून माझी नणंद आली, तिच्या आधी तिची जाऊ, आणि नंतर तिची शेजारीण. हात पाहायला गाव येत होतं, आणि मी तिकीट तेवढं लावलं नव्हतं. केवढी हुशार बाई मी, पोराच्या हाडांचं स्नेहसंमेलन भरवलं होतं.

याहून मोठी अक्कल पुढे आहे. बोंबलाचा काटा मऊ असतो, हे कोणालाही ठाऊक आहे. मी विज्ञान शिकवायचे. तेव्हा मी असं अनुमान काढलं की मऊ काट्याची मासळी खाल्ली तर पोराची हाडं मऊ राहतील. घरात बोंबील, अंगणात बोंबील, माळ्यावर बोंबील, शेजारच्या चुलीतून भाजल्या बोंबलाचा धूर आमच्या ताटावर, आणि नंदूला बोंबील बंद. त्याला अंडी, वरणभात आणि काटेरी मासळी. "टणक खा, टणक हो," असं मी फळ्यावर सुविचार लिहावा तसं त्याला सांगितलं होतं. तो बोईसरला कदम सरांकडे जाऊन चोरून खायचा.

कदम सर साताऱ्याकडचे, कारखान्यात कामाला. तरुणपणी बॉक्सिंग खेळलेले. पाळी सुटली की क्वार्टर्समागच्या मोकळ्या जागेत चारदोन पोरांना शिकवायचे. एक दिवस तेच घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "मावशी, पोरगं आमच्यात येऊन बोंबील खातंय. मंडळी भाजून देत्यात, पर सगळी बिल्डिंग आमच्या नावानं ओरडतीया. तुमी ह्याला घरीच चारा की."

"हाडं मऊ पडतील त्याची," मी म्हटलं.

कदम सरांनी सासूकडे वळून विचारलं, "ह्या शाळेत शिकवत्यात ना?"

सासू म्हणाली, "म्हणून तं."

नंदूला हात कुणी परत दिला, हे त्या दिग्दर्शकाला मी चहा पाजून सांगितलं होतं. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला सांगितलेला व्यायाम असा: बारीक वस्तू बोटांनी उचला, ठेवा, पुन्हा उचला. मी त्याला शाळेतले खडू दिले. तो दोन मिनिटांत कंटाळायचा आणि खडू मोडायचा. सासूनं एक दिवस त्याला दंडाला धरून वलांडीखाली नेलं, बायकांच्या घोळक्यात पाटावर बसवलं आणि समोर ओल्या बोंबलांची टोपली ठेवली. "बसून खातो तं बसून काम कर."

बोंबलाचं तोंड उघडायचं म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत ती बुळबुळीत हनुवटी धरायची. आत सुईसारखे दात. जोरात दाबलं तर मासा चिरडतो, हलकं धरलं तर निसटतो. मग दुसऱ्याचं तोंड त्यात अडकवायचं. पहिल्या दिवशी नंदूच्या हातून एकही जोडी झाली नाही. बोंबील पायावर पडत होते, बायका हसत होत्या. जनाबाई म्हणाली, "रे नंदू, ठोसा मार, उघडील तोंड." तो लाल झाला, पण उठला नाही. मला वाटतं, तिथे त्याला कोणी शाबासकी देत नव्हतं, म्हणून तो बसला. बायका आपल्या सासवांच्या, दर्याच्या, मासवणच्या बाजारातल्या वालाच्या शेंगांच्या गोष्टी करत होत्या, आणि त्यांच्या मध्ये एक बॉक्सर चिकट हातांनी, ओठ दाबून, माशाचं तोंड उघडत होता. दिवसामागून दिवस. अंगाला तो वास, केसात तो वास, उशीला तो वास. किती कंटाळवाणं. किती घाण. आणि एका सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा तो जनाबाईशी बोलता बोलता, हाताकडे न बघता जोड्या टाकत होता.

मी थांबले. माझ्या ओठांवर भाषण आलं होतं. सासूनं लांबूनच डोळे वटारले. मी शाळेत गेले.

हे सगळं ऐकून दिग्दर्शक म्हणाला, "सुंदर. पण आजी, ते पडद्यावर जरा घाणेरडं दिसेल." म्हणून सिनेमात नंदू समुद्राच्या लाटांना ठोसे मारतो. भर थंडीत, उघड्या अंगानं, आणि एका गाण्यात त्याचा हात बरा होतो. गाण्याच्या सुरुवातीला प्लास्टर, कडव्याला बँडेज, शेवटी मूठ. मला त्या गाण्याची जेवढी किळस आली तेवढी कुठल्याच सडक्या टोपलीची कधी आली नाही. रक्ताची नाही, घामाची नाही, त्या घाईची. दुखण्याला इतकं झटपट संपवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ते कसं झालं, तेही सांगते.

शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शकाला एक प्रसंग सुचला. हिरो पहिल्यांदा पोत्यावर ठोसा मारतो. कॅमेरा फक्त हातावर. "आणि तो हात खरा असेल," तो म्हणाला. "नंदूदादांचा. खरा व्रण, खरा हात. थिएटरमध्ये लोक श्वास रोखतील."

त्या काळी कदम सरांनी आमच्या अंगणात पोतं टांगलं होतं खरं, पण त्यात फाटकी जाळी भरली होती. मऊ. सर म्हणायचे, "हात हाय, नारळ न्हाय फोडायचा." सिनेमाच्या पोत्यात वाळू भरली, कारण ठोसा बसला की धूळ उडायला हवी आणि जाळ्यातून धूळ उडत नाही. हातमोजा नको, कारण व्रण झाकला जातो. पट्टीसुद्धा नको.

नंदूचं मनगट झिजलंय. गेल्या वर्षीच्या एक्स-रेत डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं होतं. पॅड धरा, शिकवा, पण स्वतः मारू नका, एखादा फटका वेडावाकडा बसला तर हात पॅड धरायच्याही लायकीचा राहणार नाही. हे नंदूला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मी ते दिग्दर्शकाच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, "एकच शॉट, आजी. हळूच."

पहिला ठोसा हळूच होता. धूळ उडाली नाही. दुसरा जरा जोरात. उजेड चुकला. तिसऱ्याला कोणाची तरी सावली आली. "दादा, कमाल. फक्त अजून एकदा." आणि माझा तो चाळिशीचा, पोट सुटलेला, शहाणा मुलगा खांदे उचलून पुन्हा उभा राहायचा. चारपाच माणसं त्याच्या हाताकडे बघत होती, आणि 'वा' म्हणत होती. प्रत्येक ठोशानंतर तो हात डाव्या काखेत दाबून ठेवायचा आणि हसायचा. ते हसू मी ओळखते. पांढऱ्या तोंडाचं.

मी जवळ जाऊन म्हटलं, "नंदू, पुरे कर."

"आये, मी काय बारका हाय? लोकं कामाला आलीत. होऊन जाईल आता."

"दुखतंय तुला."

"नाय दुखत." आणि आवाज खाली आणून, "आता नाय कसा बोलू त्यांना?"

दिग्दर्शक टाळ्या वाजवत ओरडला, "चला, रोल होऊ द्या. दादा, या वेळी पूर्ण ताकद. एकदाच, मग सुट्टी."

तरुण असते तर मी तिथे भाषण केलं असतं. आई, ममता, शरीराचं मोल. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, दिग्दर्शकानं ते सिनेमात घातलं असतं, आणि नंदूनं ठोसा मारलाच असता. म्हातारपणाचा एक फायदा असतो, बोलण्यावरचा विश्वास उडतो. मी अंगणाच्या वाऱ्याकडच्या कोपऱ्यात गेले. तिथे नारळांसाठीचा खताचा खड्डा, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. दगड मी पायानं सारले आणि ताडपत्री ओढली. नारळाला खत घालायची वेळ नव्हती. पण मालकीण मी.

जनाबाईनं कुंपणापलीकडून विचारलं, "ताडपत्री आज गो कशी काढलीस?"

"मनात आलं," मी म्हटलं, आणि फावड्यानं एकदा ढवळलं.

उत्तरेच्या वाऱ्यानं पुढचं काम केलं. बाटलीवाला मुलगा आधी गेला, कुंपणाला धरून ओकला. माझं काम करणारी बाई लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून समुद्राकडे पळाली. ती भूमिकेत पहिल्यांदाच शोभली. कॅमेऱ्यामागचा माणूस नाकावर टोपी धरून काहीतरी हिंदीत पुटपुटत गेला. दिग्दर्शक राहिला थोडा वेळ, कलेसाठी. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडावर शर्टाची कॉलर. "आजी, हे काय आहे?"

"खरंखुरं," मी म्हटलं.

तोही गेला. अंगण रिकामं झालं. पोतं हलत होतं, आणि नंदू खाली पाटावर बसला होता, हात मांडीवर उताणा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आये, खड्डा झाकू नको एवढ्यात."

मी फावडं बाजूला ठेवलं आणि जनाबाईकडून कोमट पाणी मागून आणलं.

बऱ्याच वेळानं ओढणी नाकाला गच्च बांधून एक मुलगी आत आली. रंगभूषा करणारी, शलाका तिचं नाव. सिनेमात जखमा आणि व्रण तीच करते. "आजी, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," ती ओढणीतून म्हणाली, "काकांचा व्रण मी हिरोच्या हातावर हुबेहूब करून देते. रबराचा. कोणी ओळखणार नाही. पण सर म्हणतात, खोटं दिसेल."

"आता काय म्हणतात सर?"

"आता ते म्हणतात, काय करायचं ते कर, पण तो खड्डा झाका."

मी ताडपत्री ओढली. आयुष्यभर नकलीचा तिटकारा करत आले मी, आणि त्या घटकेला मला त्या रबराबद्दल जे वाटलं ते देवळातल्या शिऱ्याबद्दलही कधी वाटलं नसेल. रबर दुखत नाही. त्याला वाळूच्या पोत्यावर शंभरदा मारा. खुशाल मारा.

ओटीवर टेबल मांडलं. टेबलावर टॉवेल, टॉवेलवर नंदूचा हात. शेजारी हिरोचा हात, गोरा, गुळगुळीत, बिचाऱ्याचा काही दोष नाही. शलाका एकदा या हाताकडे बघायची, एकदा त्या, आणि बारीक कुंचल्यानं रबरावर रेघ ओढायची. विंचच्या दोरानं ओरबाडलेली लांब रेघ, टाक्यांच्या खुणा, करंगळीखालचा खोलगट भाग.

"काका, हलवू नका हं हात," ती म्हणाली. "अगदी तसाच राहू दे."

नंदूनं मान डोलावली. जरा वेळ तो ताठ बसला होता. मग पाठ भिंतीला टेकली. मग मान. दोरीवरचे बोंबील वाऱ्यावर खडखडत होते, चांगले वाळले होते. तो तोंड उघडं टाकून घोरायला लागला. त्या उजव्या हाताची बोटं टॉवेलवर आपोआप सुटली, अर्धी उघडी, अर्धी मिटलेली, कोणाला काहीच दाखवत नव्हती.

दिग्दर्शक दारातून डोकावला. "झालं का? उजेड जातोय. दादांना जरा—"

"हळू बोला," मी म्हटलं. "हात झोपलाय."